उबळ येते तेव्हा: स्वतःला इजा न करता ती वेळ निभावून नेण्याची पद्धत

हे वाचताना तुम्हाला जखम झालेली असेल, तुम्ही काही गिळलं असेल किंवा मरून जावं असं वाटत असेल, तर पुढचं वाचू नका. 108 किंवा 112 ला फोन करा आणि घरात जो कोणी असेल त्याला उठवा. नुसतं बोलायचं असेल तर 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. लेख कुठे पळून जात नाही.

आता बाकीच्यांसाठी. मी महाविद्यालयात समुपदेशनाचं काम करते. स्वतःला इजा करण्याची उबळ येणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात, कधी त्यांचे पालक येतात, आणि चाळिशीतली माणसंही येतात. जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "सगळं करून पाहिलं, कशाचाच उपयोग होत नाही." नेमकं काय केलं ते विचारलं की चित्र स्पष्ट होतं. उबळ अगदी डोक्यात गेल्यावर मोबाइलवर पर्यायांची यादी शोधली. यादीत पहिलंच होतं, मनातलं लिहून काढा. लिहायला बसल्यावर तेच तेच आठवून मन आणखी पेटलं आणि पाच मिनिटांत वही भिरकावली.

लिहिणं वाईट नाही, पण ते अगदी शेवटी करायचं काम आहे आणि ते पहिल्या पायरीवर केलं गेलं. म्हणून या लेखात पर्यायांपेक्षा क्रमावर भर आहे. तयारी बऱ्या दिवशी करायची. उबळ आली की आधी जागा बदलायची, मग शरीर शांत करायचं, मग हातांना काम द्यायचं, मग माणूस गाठायचा. विचार करणं आणि लिहिणं सगळ्यात शेवटी.

1. बऱ्या दिवशी करायची तयारी

बहुतेक जण हीच पायरी गाळतात. उबळ आलेली असताना माणसाला नवीन काही सुचत नाही, त्यामुळे सगळं आधी ठरलेलं आणि हाताशी ठेवलेलं हवं. एखादा रविवार, दुपारचा एक तास, एवढं पुरतं.

आधी मागच्या दोन-तीन वेळा आठवा. इजेचे तपशील नकोत, त्याच्या आधीचे चार-पाच तास आठवा. किती वाजले होते, कुठे होतात, जेवला होतात का, आदल्या रात्री झोप झाली होती का, कुणाशी काय बोलणं झालं, मोबाइलवर काय पाहिलं. दोन-तीन प्रसंग शेजारी ठेवले की काहीतरी सारखं सापडतं. एका मुलाच्या बाबतीत तिन्ही वेळा दुपारचं जेवण बुडालेलं होतं आणि तिन्ही वेळा निकालाबद्दल घरून फोन आला होता. हे कळल्यावर घरचा फोन पोटात काहीतरी गेल्याशिवाय उचलायचा नाही, एवढं त्याने ठरवलं. यात मानसशास्त्र फारसं नाही, पण त्याला त्याचा उपयोग झाला.

मग ज्या वस्तूकडे हात जातो ती दूर करा. खोलीतल्या खोलीत लपवू नका, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या किंवा घराबाहेर काढा. ती वस्तू आणि तुम्ही यांच्यात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पडलं तरी खूप फरक पडतो, कारण तेवढ्यात उबळीचा जोर ओसरू लागतो. जपून ठेवलेली औषधं, जुन्या पट्ट्या हेही यात आलं. "असू दे, वापरणार नाही" असं वाटेल. वापरायचीच नसेल तर ती देऊन टाकायलाही काही अडत नाही.

तिसरं काम म्हणजे एक डबा. बुटाचं खोकं चालेल. त्यात वाचायच्या वस्तू कमी आणि हाताला, नाकाला, जिभेला जाणवणाऱ्या वस्तू जास्त ठेवा. माझ्याकडच्या एका मुलीच्या खोक्यात आजीच्या लुगड्याच्या जुन्या गोधडीचा वीतभर तुकडा, आलेपाकाच्या चार वड्या, बामची डबी, लोकरीचा गुंता झालेला गोळा आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे. गुंता तिने मुद्दाम तसाच ठेवला आहे, तो सोडवण्यात वीस मिनिटं जातात. कार्डावर पुढच्या पायऱ्या एकेका ओळीत आणि तीन माणसांची नावं नंबरांसह लिहिली आहेत. नंबर फोनमध्ये असतातच, तरी कागदावर हवेत, कारण फोन उघडला की माणूस भलतीकडेच वाहवत जातो.

त्या तिघांना आधी विचारून ठेवा, हेही तयारीतच येतं. "ताई, कधी मला जड गेलं तर मी तुला 'चहा टाक' एवढाच मेसेज करीन. तू कारण विचारू नकोस, फोन कर आणि काहीही बोल." एवढं सांगून ठेवलं की ऐन वेळी खुलासा करावा लागत नाही. तिघांपैकी एक तरी तुमच्याहून मोठा, भरवशाचा माणूस असावा. वर्गमैत्रिणीवर सगळा भार टाकू नका, तीही तुमच्याच वयाची आहे.

तपासा: डबा अंधारात, दिवा न लावता सापडेल अशा जागी आहे का? कार्ड कुणाच्या मदतीशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आहे का?

2. उबळ ओळखा आणि तिला अंक द्या

उबळ एकदम आली असं वाटतं, पण ती येण्याआधी शरीर सांगत असतं. जबडा आवळलेला, छातीत धडधड, हात थंड, कानात सूं, नाहीतर याच्या उलट, सगळं बधिर आणि लांबून दिसतंय असं. तुमची खूण तुम्हाला शोधावी लागेल. ती दिसली की मनात शून्य ते दहा असा अंक ठरवा आणि तोंडाने म्हणा: "मला आत्ता उबळ आली आहे, सहा." म्हणायला बावळटासारखं वाटलं तरी मोठ्याने म्हणा.

अंकाचा उपयोग पुढची पायरी निवडायला होतो. चारपर्यंत असेल तर थेट चौथ्या पायरीवरचं हाताचं काम घेता येतं. पाच किंवा त्याच्या वर असेल तर तिसरी पायरी गाळू नका. नऊ-दहा असेल तर तिसरी पायरी आणि माणसाला फोन दोन्ही एकदम, वाट पाहू नका.

दूध वर यायला लागलं की आच कमी करतात, उतू गेल्यावर ओटा पुसत बसावं लागतं. तीनवर सुरुवात केलेल्या माणसाचं काम आठवर सुरुवात करणाऱ्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. "एवढ्याशासाठी काय करायचं" म्हणून थांबणं ही मी पाहिलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

3. पहिली पाच मिनिटं: जागा, मग शरीर

ज्या खोलीत, ज्या कोपऱ्यात, ज्या बाथरूममध्ये आधी घडलं आहे तिथून बाहेर पडा. कडी लावलेली असेल तर ती काढा. हॉलमध्ये या, व्हरांड्यात बसा, हॉस्टेलवर असाल तर मेसच्या दिशेने चालायला लागा. गच्ची आणि रेल्वेचा फलाट मात्र नको. रात्री दोन वाजता कुठे जाणार, असं मुली विचारतात. आई झोपली आहे त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसा. काही सांगायला नको, नुसतं बसा.

आता श्वास. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत तोंडाने बाहेर, फुंकर घालावी तसा. बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, कारण हृदयाची गती उतरते ती श्वास बाहेर जाताना. "खोल श्वास घे" एवढंच ऐकून पुष्कळ जण भराभर मोठे श्वास आत ओढतात आणि चक्कर येते. दहा वेळा करा, बोटांच्या पेरांवर मोजा.

श्वासाने जमलं नाही तर गार पाणी. बेसिनमध्ये किंवा बादलीत गार पाणी घ्या, डोळे मिटून गालांवर आणि डोळ्यांखाली पाण्याने भिजवलेला नॅपकिन वीस-तीस सेकंद दाबून धरा आणि तेवढा वेळ श्वास थांबवा. चेहऱ्याला गारवा लागला की शरीर आपोआप नाडी मंद करतं. हृदयाचा त्रास असेल, नाडी मुळात मंद असेल किंवा खाण्यापिण्याचा आजार चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

तरीही अंगात शिल्लक राहिलेला जोर बाहेर काढायला इमारतीचे जिने तीनदा चढा-उतरा किंवा जागच्या जागी धावा. ओली चादर पिळणं फार चांगलं. दोन्ही हातांना, खांद्यांना ताण येतो आणि कुणाला काही कळतही नाही.

इशारा: स्वतःला "थोडंसंच" दुखवणारे जे पर्याय सुचवले जातात ते घेऊ नका. दुखवून घेतल्यावर मोकळं वाटतं हा जो धागा मेंदूत पक्का झाला आहे, तो त्याने आणखी पक्का होतो. दारू आणि नशेचंही तेच. त्याने उबळ कमी होत नाही, फक्त तिला अडवणारा तुमचा हात सैल पडतो.

4. पुढची वीस मिनिटं: भावना बघून हातांना काम

उबळ कायम त्याच उंचीवर राहत नाही. चढते, टोकाला जाते, उतरते, आणि तिला खतपाणी मिळालं नाही तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत जोर ओसरतो. आपल्याला जन्मभराचा निश्चय करायचा नाही, पंधरा मिनिटं काढायची आहेत. घड्याळात पंधरा मिनिटांचा गजर लावा. वाजला की अंक पुन्हा बघा, हवं तर आणखी पंधरा.

या वेळात काय करायचं ते उबळीच्या खाली काय आहे त्यावर ठरतं. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडत नाही, त्याचं कारण हेच आहे.

राग असेल तर हातांना जोर लागेल असं काम घ्या. रद्दीच्या पट्ट्या फाडा, चिंच लावून पितळेचा तांब्या घासा, कणीक मळा. भाकरी थापायचा मोह होईल, पण तव्यापाशी आणि विळीपाशी त्या वेळी जायचं नाही. उशी बदडावी असं पुष्कळ जण सुचवतात. माझा अनुभव असा की बदडताना ज्याच्यावर राग आहे त्याचाच चेहरा समोर राहतो आणि राग वाढतो. घासण्या-मळण्याचं काम बरं, त्यात शेवटी हातात काहीतरी तयार असतं.

बधिरपणा असेल, आपण आहोत की नाही असं वाटत असेल, तर जाणिवा जाग्या करा. अनवाणी गार फरशीवर उभे राहा. आलेपाक चघळा, लिंबू चोखा. बाम हुंगा. मग खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या, हाताला लागणाऱ्या चार, कानावर पडणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. मनातल्या मनात नको, तोंडाने. आणि वस्तूचं नुसतं नाव घेऊन सोडू नका: "खुर्ची, निळी, तिचा एक पाय हलतो, वर बाबांचा टॉवेल आहे." बारकाव्यात शिरलात की तुम्ही या खोलीत परत येता.

स्वतःची लाज वाटत असेल, आपल्याला शिक्षाच व्हायला हवी असं वाटत असेल, तर ही सगळ्यात अवघड जागा आहे आणि इथे करमणुकीचे उपाय चालत नाहीत. पिक्चर लावला तरी मन म्हणतं, तुझी लायकी नाही. इथे शरीराची जुजबी काळजी घ्या, मनाला पटो न पटो. केसांना कोमट तेल लावा, कुणी लावून दिलं तर उत्तमच. धुतलेले कपडे घाला. दूध-भात खा. मग एक वाक्य: हेच धाकट्या बहिणीच्या हातून झालं असतं तर मी तिला काय म्हणालो असतो? ते स्वतःला म्हणा, तिच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालून. विश्वास बसला नाही तरी चालेल.

एकटेपणा असेल तर वस्तूंनी भागत नाही. पाचव्या पायरीवर जा.

आणि नुसती अस्वस्थता असेल, नाव देता येत नसेल, तर निवडण्याची कामं. मटार सोलणं, तांदूळ निवडणं, मेथी निवडणं. यांना चाकू लागत नाही, डोकं लागत नाही, पण डोळे आणि बोटं पूर्ण गुंततात. खोक्यात गोधडीचा तुकडा ठेवणारी ती मुलगी रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडते. जुडी सोडायची, मुळाकडची माती झटकायची, एकेक काडी उचलून पानं खुडायची, पिवळं पान बाजूला. (तिला विचारूनच हे लिहिते आहे.) पहिल्या जुडीला हात थरथरत असतात, असं ती सांगते, आणि दुसरी जुडी संपेपर्यंत जांभई येते. आता तिची आई फ्रिजमध्ये एक जुडी कायम ठेवते.

तपासा: गजर वाजल्यावर अंक दोनने तरी उतरला का? उतरला नसेल तर दुसरा पर्याय शोधत बसू नका. तिसरी पायरी पुन्हा करा आणि फोन उचला.

5. माणूस गाठणं

इथे अडतं ते काय बोलायचं यावर. सगळी कहाणी सांगावी लागेल या धास्तीने माणसं फोनच करत नाहीत. कहाणी सांगायची नाही. हे वाक्य कार्डावर लिहून ठेवा: "मला आत्ता जड जातंय. उपाय सांगू नकोस, दहा मिनिटं फोनवर थांब." समोरचा गावातल्या जत्रेचं बोलला, क्रिकेटचं बोलला तरी काम झालं.

पहिल्याने फोन उचलला नाही तर त्याचा अर्थ लावत बसू नका, दुसरं नाव. दुसराही नाही, तर 14416. फोनवर काय म्हणायचं ते सुचत नसेल तर एवढं म्हणा: "मला स्वतःला इजा करावीशी वाटते आहे, मला बोलायचं आहे." अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना 1098 ही चाइल्डलाइनही आहे, आणि घरातलंच कुणी त्रास देत असेल तर मुद्दाम तिथेच फोन करा. अमेरिकेत असाल तर 988, ब्रिटनमध्ये 116 123. तिथे मराठी मिळेलच असं नाही, पण ऐकणारा माणूस मिळेल.

इशारा: इजा करणं आणि मरायची इच्छा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्यांच्यामधली भिंत पातळ आहे. "मी नसलो तर बरं" असं मनात येऊ लागलं, कसं आणि केव्हा याचे विचार येऊ लागले, तर या लेखातल्या युक्त्यांवर थांबायचं नाही. एकटं राहायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

6. उतरल्यानंतर

उबळ गेली की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. पाणी प्या, काहीतरी खा, झोपा. आता लिहिता येईल, पण त्याच रात्री नको, दुसऱ्या दिवशी उजेडात. तीन ओळी पुरेत: आधी काय झालं होतं, अंक किती होता, कशाने उतरला. महिनाभर हे ठेवलंत तर डॉक्टरकडे न्यायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

डॉक्टरकडे जायचं आहेच. ही पद्धत त्या रात्रीपुरती आहे, मुळाचं काम उपचारात होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते, तिथे विचारा. खाजगीत जाणार असाल तर "डीबीटी शिकवता का" हे आधीच विचारा. डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. भावनांचा पूर सांभाळायची कौशल्यं शिकवणारी ही उपचारपद्धती नेमकी अशा उबळींसाठी वापरतात. पोलिसांची भीती वाटून पुष्कळ घरं दवाखाना टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं आणि तिला उपचार द्यायचे, असं सांगितलं आहे. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे.

7. तरीही इजा झाली तर

आधी शरीर. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. रक्त थांबत नसेल, जखम खोल असेल, भाजलं असेल तर दवाखाना. काही गिळलं असेल तर त्रास होत नसला तरी लगेच, कारण काही औषधांचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर उशीर झालेला असतो. डॉक्टरांना खरं कारण सांगा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

मग वहीत त्याच तीन ओळी. चाळीस दिवस गेले आणि एकेचाळिसाव्या दिवशी घडलं, म्हणून चाळीस पुसले जात नाहीत. त्या चाळीस दिवसांत उबळ आली नव्हती असं थोडंच आहे? ती आली आणि तुम्ही निभावलीत. कोणती पायरी सुटली एवढंच शोधा. बहुतेक वेळा ती पहिली असते: वस्तू परत घरात आली होती, किंवा खोकं कुठेतरी मागे सरकलं होतं.

8. घरच्यांसाठी

मुलाच्या हातावरची खूण पहिल्यांदा दिसते तेव्हा आईबापाच्या पायाखालची जमीन सरकते. त्या घाबऱ्या मनाने जे केलं जातं ते बहुतेक उलटं पडतं. "माझी शपथ आहे, परत करणार नाहीस" म्हणू नका. शपथ मोडली की पोर पुढच्या वेळी तुमच्यापासूनही लपवतं. रोज बाह्या वर करून तपासू नका, फोन हिसकावू नका, नातेवाइकांत चर्चा करू नका. "लक्ष वेधायला करते" हे तर मनातही आणू नका. लक्ष वेधायचं असतं तर तिने उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घातल्या नसत्या.

सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने बोलणं सुटतं. उत्तर "हो" आलं तर आरडाओरडा नको. त्या रात्री तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशक कुलूपबंद करा, शेतीघर असेल तर गोठ्यातलं, पडवीतलंही बघा, आणि सकाळी दवाखाना. धीर धरवत नसेल तर रात्रीच.

उत्तर "नाही" आलं तर शेजारी बसा. मेथीवाल्या मुलीची आई मला सांगत होती, सकाळी फ्रिज उघडला आणि निवडलेली मेथी दिसली की रात्र कशी गेली ते तिला कळतं. पूर्वी ती हादरून प्रश्न विचारायची. आता चहा गाळताना "मला उठवायचं होतंस गं" एवढंच म्हणते आणि भाजीला लसूण सोलायला घेते. गेल्या दोन वेळा मुलीने खरंच उठवलं, आणि रात्री एक वाजता दोघींनी मिळून जुडी संपवली.